शनिवारचा डबा

स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तसा कस्तुरानं स्टोव्हवरचा चहा खाली उतरवला आणि दारात जाऊन उभी राहिली. नवऱ्याच्या तोंडाकडं तिनं पाहिलं नाही, आधी पाहिलं ते हाताकडं. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात मफलर. तिसरं काही नव्हतं.

"नाय आली," सोनाजी म्हणाला. तिनं विचारायच्या आधीच.

सलग दुसरा शनिवार होता तो. कस्तुरानं चहा गाळला, कप त्याच्यापुढं ठेवला आणि कोपऱ्यातल्या खोक्यापाशी जाऊन बसली. कंपनीतून आणलेलं लाकडी खोकं, वर बारीक जाळी, आत वाळू, फुटक्या कौलाचा एक तुकडा आणि वर टांगलेला चाळीसचा बल्ब. सरू तिथं आधीपासूनच मांडी घालून बसली होती. पाच वर्षांची पोर, पण खोक्यापुढं बसली की म्हातारीसारखी गप्प व्हायची.

"आज काय खाणार गं ही?" सरूनं विचारलं.

तेच तर कस्तुराला कळत नव्हतं.

खोक्यात होती ठिपकी. पाल, पण भिंतीवर चुकचुकणारी नव्हे. दसऱ्याच्या सुमारास घरमालक काकासाहेबांच्या नव्या खोल्यांसाठी वेरूळच्या डोंगराकडून दगडांचा ट्रक आला, त्या दगडांतून ती निघाली. बोटाएवढी, पिवळ्या अंगावर तपकिरी पट्टे, पट्ट्यांच्या कडेला ठिपके फुटू लागलेले. गवंडी मागं सरकले. ही जात फुंकली की माणूस जागेवर गार होतो, असं त्यांचं म्हणणं. सोनाजीनं पायातली चप्पल फेकून मारली. नेम चुकला, पण शेपूट तुटली आणि एकटीच मातीत वळवळत राहिली. सरूनं ते पाहून असं भोकाड पसरलं की अख्खी मुकुंदवाडी गोळा होते की काय असं वाटावं. गवंडी दगड उचलणार तेवढ्यात कस्तुरा पातेलं घेऊन धावली. तिनं पाहिलं होतं, त्या पालीनं पापणी मिटली होती. घरातली पाल कधी पापणी मिटत नाही, तिला पापणीच नसते. प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेल्या बाईला एवढं तरी ठाऊक असणारच. आणि ही जात विषारी नसते, हेही.

दुसऱ्या दिवशी तिनं आवडाला बोलावून घेतलं. आवडा कॉलेजात तिच्या बाकावरची. तीन वर्षं दोघींनी एकाच ट्रेमध्ये बेडूक चिरले होते, एकीच्या डब्यातलं दुसरीनं खाल्लं होतं. कस्तुराचं लग्न झालं, सरू झाली. आवडा पुढं एम. एस्सी. करून विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात तात्पुरत्या नोकरीवर लागली. तिनं ठिपकीला तळहातावर घेऊन मागचं थोटूक बघितलं.

"शेपूट ही हिची कणगी," आवडा म्हणाली. "सगळा साठा तिथं. कणगीच फुटली तर थंडी काढायची कशी? आत्ता डोंगरात सोडलीस तर मरेल. नवी शेपूट भरेपर्यंत सांभाळ, उन्हं तापली की आपण तिघी जाऊन वेरूळला सोडू."

सरूनं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती रोज त्या थोटकाशी आपलं बोट लावून बघायची, आणि कस्तुरानं तिला शब्द दिला होता की ठिपकी जगेल.

रातकिडे होते तोवर काळजी नव्हती. न्हाणीच्या मोरीपाशी, विटांच्या थप्पीखाली हवे तेवढे मिळत. दिवाळी सरली, थंडी पडली, आणि आठ दिवसांत सगळे गप्प. मग आवडा एका शनिवारी पहिला डबा घेऊन आली. दूध पावडरीचा जुना डबा, आत गव्हाचा कोंडा, गाजराची चकती, आणि कोंड्यात वळवळणाऱ्या पिवळ्या अळ्या. विभागात ती पक्ष्यांना घालायला वाढवायची. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली, तीही आतून बाहेर, म्हणजे धारेचे काटे बाहेर राहतात आणि अळ्यांना लागत नाहीत. डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर तारीख आणि एखादी सूचना. आवडाचं काम असंच. तिच्या वहीत कधी खाडाखोड नसायची.

पण ठिपकीला ते पसंत पडेना. अळी समोर टाकली की मान वाकडी करून बघायची, पापणी मिटायची, कौलाखाली जायची. एक दिवस, दोन दिवस. आवडानं सांगितलं होतं त्याप्रमाणं कात टाकलेली मऊ पांढरी अळी चिमट्यात धरून हलवून पाहिली. नाही म्हणजे नाही. तिसऱ्या दिवशी कस्तुराला माहेर आठवलं. तिचा बाप केरबा, आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरीकडं बिनआईचं कोकरू ओरडत असलं, की तो मेलेल्याचं कातडं सोलून जित्याच्या अंगावर बांधायचा. मेंढी वास घ्यायची आणि मुकाट पाजायची. चार दिवसांनी कातडं सोडलं तरी चालायचं, तोवर त्याच्या अंगाला तिच्याच दुधाचा वास यायला लागलेला असायचा.

कस्तुरानं बाटलीतला शेवटचा रातकिडा पाटीवर चिरडला आणि त्यात पांढरी अळी घोळवली. ठिपकी पुढं आली. जिभेनं एकदा चाटलं, मान तिरकी केली, आणि मटकन उचललं. सरूनं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले, आवाज होऊ नये म्हणून. पाच दिवसांत वासाची गरजही उरली नाही. आवडाला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, तुझ्या वडलांना विभागात मास्तर म्हणून आणायला पाहिजे.

सगळं नीट चाललं होतं. मग काकासाहेबांनी विचारलं.

काकासाहेबांची जमीन एमआयडीसीत गेली होती. आलेल्या पैशांतून त्यांनी ओळीनं खोल्या बांधल्या होत्या आणि दिवसभर ते ओट्यावर बसून कोण येतं, कोण जातं ते बघायचे. माणूस तसा कडू नव्हता. सरूला गोळ्या द्यायचा. पण ते दिवसच तसे होते. विद्यापीठाचं नाव बदलणार, बदलणार नाही, यावरून पंधरा-सोळा वर्षं मराठवाडा पेटत विझत आला होता, आणि त्या हिवाळ्यात पुन्हा जो तो आवाज खाली करून बोलत होता.

"सूनबाई, ती पोरगी कोणची गं?"

"माझ्याबरोबर कॉलेजात होती."

"ते झालं. पण कोणची?"

कस्तुरा पाण्याची बादली धरून उभी राहिली. "विद्यापीठात नोकरीला आहे," ती म्हणाली.

"मग कळलंच," काकासाहेब म्हणाले, आणि पान जुळवू लागले.

एवढंच झालं. पण रात्री सोनाजी अंथरुणावर उठून बसला. खोली गेली तर या भाड्यात दुसरी मिळायची नाही. फेब्रुवारीत परमनंटचं पत्र निघणार, आणि काकासाहेबांचा पुतण्या त्याच खात्यात सुपरवायझर. तिला म्हणावं, दिवस तापलेत, जरा येणं कमी कर. कस्तुरालाही ते पटलं. तिनंच मार्ग काढला. आवडा शनिवारी दुपारी तशीही चिकलठाण्याला बहिणीकडं जायची. वाटेत कंपनीच्या गेटवर डबा सोनाजीच्या हातात द्यायचा, तो घरी आणेल. तिनं आवडाला हे सांगितलं तेव्हा आवडा क्षणभर तिच्याकडं बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली.

आपण गोष्ट किती शहाणपणानं मिटवली, असंच कस्तुराला तेव्हा वाटलं.

पहिल्या शनिवारी डबा आला. दुसऱ्या शनिवारी नाही आला, तिसऱ्याही नाही. "मी चांगला अर्धा तास थांबलो," सोनाजी सांगायचा. "ती काय दिसली नाय." नाताळच्या शनिवारी तेच, एक जानेवारीला तेच. कस्तुरा सरूला घेऊन मोकळ्या प्लॉटवर दगड उलथीत फिरू लागली. कधी एखादा मरतुकडा नाकतोडा मिळे, कधी काहीच नाही. वाण्याकडून जुना रवा आणला, त्यातले पोरकिडे ठिपकीनं तोंडात घेऊन बाहेर टाकले. झुरळ घालायची तर गल्लीत सगळ्यांनी औषध मारलेलं. वीज जायची तेव्हा कस्तुरा गरम पाण्याची बाटली जुन्या मोज्यात घालून खोक्यात ठेवायची, आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं हात लावून बघायची. थोटूक वाढायचं सोडून बारीक होत चाललं. फुगीर होतं ते आता बोराच्या बीसारखं सुकलं होतं. ठिपकी कौलाबाहेर येईनाशी झाली.

"मेली का?" सरू सकाळी उठल्या उठल्या विचारायची.

"झोपलीय."

"काल पण झोपली होती."

पोरीचं तोंड बघवत नव्हतं. आणि मग राग आला. आधी तो थंडीवर होता, मग हळूहळू आवडावर गेला. शब्द दिला होता तिनं. यायला जमत नाही तर निरोप धाडायचा. एका अळीच्या डब्याचा काय तो भाव! ज्या बाईसाठी आपण घरमालकाची बोलणी ऐकून घेतली, तिला आपल्या पोरीच्या डोळ्यांतलं पाणी दिसू नये? मनात येऊ नये ते येऊ लागलं. विद्यापीठाचं नाव आता बदलणारच असं जो तो म्हणत होता. त्यांचे दिवस आले, आता ती कशाला विचारतेय आपल्याला.

तीन तारखेला, सोमवारी, कस्तुरानं पोस्टकार्ड लिहिलं. बी. एस्सी.ला प्रॅक्टिकलच्या वहीसाठी शाबासकी मिळवलेलं तिचं अक्षर त्या दिवशी फार सुरेख आलं. लिहिलं की तुझं आता मोठ्या माणसांत उठणं-बसणं, आमची पाल तुला कशी आठवावी. शेवटी लिहिलं, तुम्हा लोकांना ओळख फक्त कामापुरती लागते हे लोक सांगत होते, मी ऐकलं नाही. सही केली आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. घरी येताना बरं वाटलं. अंगातला ताप उतरल्यासारखं.

आठ तारखेच्या शनिवारी सोनाजी आला तो जरा गोंधळलेला. मफलर काढता काढता म्हणाला, "आज खरंच नाय आली."

कस्तुरानं ते ऐकलं. 'खरंच' हा शब्द तिच्या कानाला खड्यासारखा लागलाही. पण ठिपकीला दोन दिवसांत पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं, आणि चित्त तिथं होतं.

संक्रांतीला ते तिघं गावी गेले. करमाडच्या पुढं फाट्यावरून आत, सोनाजीची आई बानाबाई तिथं एकटी राहायची. मेंढरं विकून टाकली होती, उरलं होतं एवढंसं रान, दारात वांग्याचे चार वाफे आणि चार कोंबड्या. सोनाजी दर रविवारी स्कूटरवर जाऊन तिला बघून यायचा. ठिपकीला एकटं ठेवायचं नाही म्हणून सरूनं बूट ठेवायच्या खोक्यात कापूस घालून तिलाही बरोबर घेतलं. म्हातारीनं खोक्यात डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागं झाली. "हे घरात नगं आणू बाई. गोठ्यात ठिव." पण पोरीकडं बघून तिनंच वर गोणपाट टाकलं.

ओवसायला गेलेल्या बायका परतल्या. सोनाजी पारावर गेला होता, तिथं पुरुषमंडळी रेडिओभोवती जमली होती, विद्यापीठाच्या नावाचं आज काहीतरी होणार म्हणून. कस्तुरा चुलीपुढं बसली होती. बाहेर बानाबाई वांग्यांवर राख टाकत होती. किडीला राख बरी. म्हातारी डबा उलटा धरून हलवायची आणि झाकणाच्या भोकांतून राख पिठासारखी झरायची.

कस्तुरा उठली. भोकांचे काटे बाहेरच्या बाजूला होते.

"आत्याबाई, हा डबा कुठला?"

"सोन्यानं आणला," बानाबाई कौतुकानं म्हणाली. "दर ऐतवारी आणायचा. कोंड्यात किडे भरलेले. कंपनीत मिळत्यात म्हणला, कोंबड्यांला घाल आन् डबा फेकून दे. म्या म्हणलं, येवढा गोमटा डबा फेकू व्हय? राख टाकाया लई सोपा जातो." मग ओसरीकडं बोट केलं. "तिथं अजून तीन हायेत. आगं, येवढ्या थंडीत चारी कोंबड्या अंड्यावर हायेत. पोरीला धाडली ती अंडी त्येचीच की."

ती अंडी सरूनं खाल्ली होती. कस्तुरानं स्वतःच्या हातानं उकडून, मीठ लावून दिली होती, ठिपकीच्या खोक्यापुढं बसवून.

ओसरीच्या कोनाड्यात तीन डबे ओळीनं ठेवलेले. मीठ, हळकुंडं, सुया-दोरा. म्हातारीला वाचता येत नव्हतं, म्हणून चिकटपट्ट्या तशाच राहिल्या होत्या. अकरा डिसेंबर, अंड्याच्या टरफलाची पूड लावून दे. अठरा डिसेंबर, थोटूक मोजून कळव. पंचवीस डिसेंबर, काही कळलं नाही. चौथा बानाबाईच्या हातात होता, राखेनं माखलेला. कस्तुरानं तो मागून घेतला आणि पदरानं पुसला. एक जानेवारी. खाली बारीक अक्षरात, ठीक आहेस ना?

आठ तारखेचा डबा नव्हता. तोवर पोस्टकार्ड पोचलं होतं.

सोनाजी पारावरून आला तेव्हा ती स्कूटरपाशी उभी होती. त्यानं तिच्या हातातला डबा पाहिला आणि चाल मंदावली.

"डिकीत असायचा?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली.

"शनिवारची रात्रभर? आपल्या दारात? मी बॅटरी घेऊन मोरीत किडे शोधायची तेव्हा?"

"हळू बोल. आई हाय." सोनाजीनं मफलर गळ्याभोवती घट्ट केला. "पहिला डबा आणला त्या दिवशी काकासाहेबांनी ओट्यावर अडवलं. हातात काय म्हणले. सांगितलं. तर म्हणले, तिच्या हातचं माझ्या खोलीत नगं, पुन्हा सांगणार नाय. आता मी काय करायचं?"

"तिला नको म्हणायचं."

"गेटवर, सगळ्यांदेखत? ती बोलली असती, चार लोकं जमली असती. डबा घेतला की ती गुमान जायची. म्हणून घेत गेलो." मग त्याला स्वतःलाच काही सुचल्यासारखं तो म्हणाला, "फेकल्या तर नाय ना मी. कोंबड्यांच्या पोटात गेल्या. पाल काय, आज हाय उद्या नाय. खोली टिकवली मी, कस्तुरा. तुझ्याच पोरीसाठी."

तो खोटं बोलत नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं. भीतीनं त्याचा चेहरा अगदी पोरासारखा झाला होता. कस्तुराला वाटलं, हा माणूस सहा वर्षं आपल्या शेजारी निजतो. 'अर्धा तास थांबलो' म्हणताना याची पापणीसुद्धा लवली नव्हती. ती डोळ्यांत तेल घालून सगळीकडं बघायची, पोरीचा ताप, स्टोव्हची वात, पालीचं थोटूक. याच्याकडं तेवढं बघितलं नव्हतं. घरचा माणूस म्हणून.

पारावर कुणीतरी रेडिओचा आवाज मोठा केला, आणि मग लोक एकदम बोलायला लागले. निर्णय झाला होता. सोनाजी म्हणाला, अंधार पडायच्या आत निघू, रस्त्यात काही व्हायला नको. येताना तिघं एका स्कूटरवर होते. सरूच्या मांडीवर बुटांचं खोकं होतं.

सोमवारी सरूला शेजारी ठेवून कस्तुरा सिटी बसनं विद्यापीठात गेली. गेटाबाहेर पोलिसांची गाडी उभी होती, आत लोक एकमेकांना पेढे भरवत होते, एका म्हाताऱ्या बाईच्या कपाळापासून पदरापर्यंत निळा गुलाल होता आणि ती एकटीच झाडाखाली बसून रडत होती. कस्तुरा खाली मान घालून पुढं गेली.

विभागातल्या मागच्या खोलीत आवडा ट्रेमधला कोंडा चाळत होती. तिच्याही भांगात निळं होतं. ती उठली नाही.

"बस," म्हणाली. "पत्र मिळालं."

कस्तुरानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डिकी, कोंबड्या, वांग्यांवरची राख, चार चिकटपट्ट्या. सांगताना तिचा आवाज चढत गेला. तिला वाटत होतं, हे सगळं ऐकलं की आवडाही तिच्याबरोबर चिडेल, दोघी मिळून सोनाजीला नावं ठेवतील, आणि मग पुन्हा पहिल्यासारखं होईल. आवडा शेवटपर्यंत चाळत राहिली.

"म्हणजे कोंबड्यांनी खाल्ल्या," ती म्हणाली आणि हसली. ते हसणं कस्तुराच्या ओळखीचं नव्हतं.

"त्यांनी फसवलं गं मला."

"तुला फसवलं. मला नाही." आवडानं चाळणी खाली ठेवली. "सोनाजीरावांवर माझा भरवसा होता कधी? ते तुझ्या घरचे. माझा भरवसा तुझ्यावर होता. तू गेटवर दे म्हणालीस ना, तेव्हाच मला कळलं होतं. तरी बरं म्हटलं. म्हटलं, राहू दे, पाल जगली पाहिजे. दर शनिवारी त्या गेटवर उभी राहायचे. वॉचमन विचारायचा, कोण पाहिजे. तुझ्या नवऱ्याचं नाव सांगायचे."

"मला वाटलं, तुला त्रास नको..."

"आणि पत्रातलं ते 'तुम्हा लोकांना'," आवडा म्हणाली, "ते सोनाजीरावांनी नाही लिहिलं."

बाहेर कुठंतरी फटाक्यांची माळ लागली. माझं चुकलं, असं कस्तुरा म्हणाली, पण ते इतकं हळू की फटाक्यांत ऐकू गेलं की नाही कोण जाणे. आवडानं एक रिकामा डबा ओढला, कोंडा घातला, चाळून काढलेल्या अळ्या त्यात ओतल्या, पांढऱ्या तेवढ्या वेगळ्या वेचून वर ठेवल्या. गाजराची चकती कापली. हात नेहमीसारखे नीट चालत होते. झाकण लावून झाल्यावर तिनं पहिल्यांदा सरळ कस्तुराकडं पाहिलं.

"येत्या शनिवारी मी येते घेऊन," ती म्हणाली. "घरी. पुढच्या दारानं. सरूला बघेन, ठिपकीला बघेन, चहा घेईन आणि जाईन. येऊ?"

हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. पण कस्तुराच्या डोळ्यांपुढं ओटा आला, ओट्यावरचं पान जुळवणं आलं, फेब्रुवारीतलं पत्र आलं, या भाड्यात खोली कुठं मिळेल हे आलं, उद्याच्या उद्या सामान रस्त्यावर आणि सरूचा हात धरून उभी असलेली आपण, हेही आलं. हे सगळं पापणी मिटून उघडायला लागतो तेवढ्या वेळात आलं आणि गेलं. गेल्यावर ती "हो" म्हणालीही.

पण आवडानं तोवर पाहिलं होतं. तिनं डबा टेबलावरून पुढं सरकवला.

"राहू दे," ती म्हणाली. "आठ दिवसांनी कोंडा बदल. संपल्या की इथं ये. मी नसले तरी कुणीही देईल."

या वेळी डब्यावर चिकटपट्टी नव्हती.

मुकुंदवाडीला उतरून कस्तुरा गल्लीत शिरली तेव्हा तिनं डबा पिशवीतून काढून मुद्दाम हातात धरला. काय विचारायचं ते विचारा, या तयारीनं ती चालली होती. तिच्या तोंडात आवडाचं नाव तयार होतं, आडनावासकट. पण ओटा रिकामा होता. काकासाहेब उरलेल्या शेतातल्या विहिरीचं कसलं काम निघालं म्हणून गेले होते. कुणी काही विचारलं नाही. ती डबा हातात धरून आपल्या दारापर्यंत आली, इतकंच.

घरात सोनाजी खोक्यापुढं उकिडवा बसला होता. अर्धी रजा टाकून रानात जाऊन त्यानं काचेच्या बाटलीत पाच-सहा नाकतोडे धरून आणले होते, आणि आता चिमट्यात एक धरून ठिपकीपुढं हलवत होता. ठिपकी तोंड फिरवून बसली होती. त्याच्या शर्टाला कुसळं लागली होती. कस्तुराला बघून तो बाजूला सरकला. तिनं डब्याचं झाकण काढलं, एक पांढरी अळी बोटावर घेतली आणि बोटच आत धरलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग ठिपकी कौलाच्या कडेपर्यंत आली. जीभ लावली. थांबली. अळी उचलली, डोळे मिटून गिळली, आणि आणखी एक पाऊल पुढं आली. दुसरी घेतली. तिसरी घेतली.

"खाल्लं," सरू कुजबुजली. तिनं कस्तुराच्या गुडघ्याला घट्ट मिठी मारली. "आई, तीन खाल्ल्या. आता शेपूट येईल ना?"

"येईल."

"आवडामावशीनं दिल्या?"

"हो."

"मग ती का नाय आली?"

सोनाजीनं मान खाली घातली. आता आपलं नाव येणार, हे त्याला कळलं होतं, आणि ते ऐकून घ्यायची त्यानं तयारी केलेली दिसत होती. कस्तुरानं त्याच्याकडं पाहिलं, मग पोरीकडं. नाव सांगणं सोपं होतं. चारी डबे अजून गावीच होते, सगळा पुरावा होता.

"मी तिला लगेच ये म्हणाले नाही," ती म्हणाली. "म्हणून नाही आली."

"का नाय म्हणालीस?" सरूनं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत आईच्या तोंडाकडं बघत राहिली.